आरसा आणि आरशाची मूठ

आरसा हा शब्द मराठींत इतका घरगुती होऊन बसला आहे कीं, त्याच्या पोटांत ‘आदर्श’ हा संस्कृत शब्द दडलेला आहे याची सहसा कोणाला आठवण होत नाहीं. संस्कृतांत आदर्श म्हणजे ज्यांत मुख पाहावयाचें ती वस्तु. आणि ज्याच्याकडे पाहून आपलें वर्तन सुधारावयाचें, त्यालाहि आदर्शच म्हणतात. प्राकृताच्या वाटेनें आलेलें ‘आरसा’ हें रूप घरांत शिरलें आणि खुंटीवर टांगलें गेलें; मूळचा ‘आदर्श’ ग्रंथांत आणि व्याख्यानांत राहिला. पुढें फारसींतून ‘ऐना’ आला व तोहि या कुटुंबांत सामील झाला. पण शब्दांचें हें नातें नुसत्या व्याकरणाचें नाहीं. माणसानें आपलें तोंड पाहण्यासाठीं जी वस्तु घडविली, तिच्यावर त्यानें आपले सर्वांत मोठे विचार कोरले, हा जगाच्या इतिहासांतील एक मौजेचा भाग आहे. चीन देशानें ते आरशाच्या पाठीवर कोरले. दक्षिणापथानें ते आरशाच्या मुठीवर कोरले. या दोन रीतींत काय फरक आहे, आणि त्यांपैकीं दुसरीचा माग लातूर-नांदेडच्या परिसरांत कसा लागतो, हें पाहण्यासारखें आहे.

आज ज्याला आपण आरसा म्हणतों तो कांचेचा. कांचेच्या पाठीवर रुप्याचा पातळ थर चढविण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८३५ सालीं शोधून काढली. त्याच्या आधीं व्हेनिस शहराजवळील मुरानो बेटांतले कारागीर कथील व पारा यांच्या योगानें कांचेचे आरसे करीत, आणि ते राजेरजवाड्यांनाच परवडत. त्याहून मागें गेलें म्हणजे कांच सुटते आणि धातु लागतो. हजारों वर्षें माणसानें आपलें तोंड पाहिलें तें घांसून घांसून लख्ख केलेल्या तांब्याच्या किंवा कांशाच्या तबकडींत.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. नुसतें तांबें मऊ असतें. त्याची झिलई लवकर मरते, आणि त्यांत दिसणारें तोंड तांबूस दिसतें. तांब्यांत कथील मिसळलें म्हणजे कांसें होतें. टाळ आणि घंटा ज्या कांशाच्या होतात त्यांत शेंकडा वीस-बावीस भाग कथील असतें. हें प्रमाण आणखी वाढविलें तर धातु पांढरट होत जातो, कठीण होतो, आणि त्याच्यावर झिलई उत्तम चढते; पण त्याबरोबरच तो ठिसूळहि होतो, आणि हातून पडला कीं कांचेसारखा तडकतो. चीनमधील हान राजवटीच्या आरशांत साधारणतः शेंकडा सत्तर भाग तांबें, तेवीस-चोवीस भाग कथील व पांचेक भाग शिसें आढळतें. केरळांतील आरन्मुळा या गांवीं धातूचे आरसे करण्याची विद्या आजहि कांहीं घराण्यांनीं जपून ठेवली आहे. तेथील आरशांत कथिलाचें प्रमाण शेंकडा तेहतीसच्या आसपास असतें. धातु ओतल्यानंतर त्याला सपाट करणें, घांसणें आणि दिवसचे दिवस उजळीत बसणें हें खरें कष्टाचें काम. आपल्याकडे धातूला झिलई देणाऱ्याला शिकलगार म्हणतात. झिलई या अर्थाच्या ‘सैकल’ या अरबी शब्दावरून हें नांव पडलें. नांदेडास शिकलगार शिखांची वस्ती आहे. शस्त्रें घडविणें आणि उजळणें हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. तलवारीचें पातें आणि आरशाची तबकडी यांना एकाच विद्येनें तेज येतें, हें या शब्दावरून सहज कळतें.

चीनमध्यें कांशाचे आरसे चार हजार वर्षांपूर्वींपासून होत आले आहेत. १९७६ सालीं आन्यांग येथें फू हाव या राणीचें थडगें उघडलें गेलें. ती शांग राजवटींतली; तिचा काळ इसवी सनापूर्वींचें तेरावें-बारावें शतक. तिच्याजवळ ठेवलेल्या शेंकडों कांशाच्या वस्तूंत चार आरसेहि होते. पुढें हान राजवटींत, म्हणजे इसवी सनापूर्वींचें दुसरें शतक ते इसवी सनाचें दुसरें शतक या काळांत, आरसा ही सुखवस्तु घरांतली नित्याची वस्तु झाली. चांग्शाजवळ मावांग्द्वी येथें १९७२ सालीं एका सरदाराच्या पत्नीचें थडगें उकरलें, तेव्हां लाखेच्या पेटींत तिच्या फण्या, प्रसाधनाचे डबे आणि आरसा नीट मांडून ठेवलेला आढळला.

चिनी आरशाची घडण ध्यानांत घेण्यासारखी आहे. ती एक वाटोळी तबकडी असते, अर्ध्या वितीपासून वितीएवढी. तिला मूठ नसते. पाठीवर मध्यभागीं एक गोलसर गुंडी असते. गुंडीला आरपार भोंक, आणि त्यांत रेशमी गोंडा ओंवलेला. हा गोंडा धरूनच आरसा उचलावयाचा. मूठ नाहीं म्हणून सगळी पाठ मोकळी राहिली, आणि त्या मोकळ्या पाठीवर चिनी कारागिरानें सारें विश्व मांडलें. हान काळच्या एका प्रसिद्ध प्रकारांत मध्यें चौरस असतो व भोंवतीं वर्तुळ. चौरस म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे आकाश. मधली गुंडी म्हणजे विश्वाचा मध्य. चौरसाच्या कडेनें बारा चिन्हें असतात. कालगणनेंतील बारा शाखांचीं तीं नांवें. चार दिशांना चार प्राणी. पूर्वेस निळा-हिरवा नाग, पश्चिमेस पांढरा वाघ, दक्षिणेस तांबडा पक्षी, आणि उत्तरेस कांसवाला विळखा घातलेला साप. आणखी कांहीं कोनाकृति खुणा असतात. त्याच खुणा त्या काळच्या एका पटावरच्या खेळांतहि येतात. म्हणजे आपल्याकडे सारीपाटाचा पट उचलून कोणी आरशाच्या पाठीवर ठेवावा तसा हा प्रकार झाला.

कडेनें बहुधा लेख असतो. आरसा चांगल्या धातूचा आहे, त्यांत पाहणाराला दीर्घायुष्य, संतति, अधिकार आणि धन लाभो, अशा अर्थाचें तें मंगलवचन असतें. यावरून आरसा हा नुसता प्रसाधनाचा नव्हता हें उघड होतें. आरसा हातांत घेणारी व्यक्ति विश्वाच्या मध्यावर उभी आहे, चार दिशा तिला राखीत आहेत, आणि अनिष्ट तें आरशाच्या तेजापुढें टिकत नाहीं, अशी ही समजूत. म्हणून आरसा जिवंतपणीं जवळ असे आणि मेल्यावर थडग्यांतहि बरोबर जाई.

चिनी आणि जपानी आरशांपैकीं कांहींचा एक चमत्कार युरोपियन पंडितांना फार दिवस कोड्यांत टाकीत असे. आरशाची पुढची बाजू अगदीं गुळगुळीत. पण तिच्यावर ऊन घेऊन कवडसा भिंतीवर पाडला तर पाठीवरची नक्षी त्या कवडशांत उमटते. जणूं उजेड धातूच्या आरपार गेला. ब्राह्मी लिपीचें कोडें पुढें ज्यानें सोडविलें, त्या जेम्स प्रिन्सेपनें १८३२ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या आरशांवर टिपण लिहिलें. समाधानकारक उलगडा १८७८ च्या सुमारास जपानांत शिकविणाऱ्या एर्टन व पेरी या दोन अध्यापकांनीं केला. नक्षीमुळें आरसा कोठें जाड, कोठें पातळ असतो. घांसतांना पातळ भाग किंचित् अधिक फुगीर होतो, जाड भाग किंचित् सपाट राहतो. डोळ्याला हा फरक दिसत नाहीं. पण फुगीर भाग उजेड पांगवितो, सपाट भाग तो एकवटून ठेवतो, आणि भिंतीवर नक्षी उमटते. चमत्काराचा उलगडा झाला म्हणून कारागिराचें कौतुक कमी होत नाहीं.

हे आरसे चीनपुरते राहिले नाहींत. इसवी सन २३९ च्या सुमारास वेइ राजानें जपानच्या हिमिको राणीला शंभर आरसे नजर केल्याचें चिनी इतिहासांत नमूद आहे. आणि जपानच्या राजचिन्हांत आजहि एक आरसा आहे. अफगाणिस्तानांत तिल्या तेपे येथें १९७८ सालीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील श्रीमंत थडगीं निघालीं, त्यांतहि चिनी आरसे होते. व्हिएतनामच्या दक्षिण टोंकाजवळ ओक-एओ येथें १९४४ सालीं उत्खनन झालें, तेव्हां हान काळचा चिनी आरसा आणि रोमच्या अंटोनायनस पायस बादशहाचें इसवी सन १५२ चें पदक एकाच प्राचीन नगरांत मिळालें. समुद्रमार्गाच्या त्या एका पेठेंत चीन आणि रोम यांचे हात असे जवळ जवळ आले होते. त्या दोघांच्या मधल्या वाटेवर आपला देश होता.

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या देशांतहि आरसा फार जुना. हडप्पा आणि मोहेंजोदडो येथें तांब्याचे आरसे सांपडले आहेत, आणि त्यांना धरण्यासाठीं दांडा आहे. पुढें तक्षशिलेच्या उत्खननांत सर जॉन मार्शल यांना कांशाचे आरसे व हस्तिदंती मुठी मिळाल्या. येथें भेद स्पष्ट होतो. भारतीय आरसा हा मुठीचा आरसा. तो गोंड्यानें उचलावयाचा नाहीं, मुठींत धरावयाचा. मूठ आली म्हणजे कारागिराचें लक्ष मुठीकडे गेलें, आणि पाठ साधी राहिली. चिनी माणसाला जें सांगावयाचें होतें तें त्यानें पाठीवर सांगितलें. आपल्याकडच्या कारागिराला जें सांगावयाचें होतें तें त्यानें मुठींत घडविलें.

काय घडविलें, याचें उत्तर तेर या गांवीं मिळतें. लातूरहून पश्चिमेकडे गेलें म्हणजे तेरणा नदीच्या कांठीं, आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, तेर लागतें. सामान्य मराठी माणसाला तें गोरोबाकाकांचें तेर म्हणून ठाऊक आहे. पण गोरोबांच्या चाकाआधीं बाराशें वर्षें या गांवचे कुंभार, कोष्टी, मणेर आणि दंतकार साऱ्या जगाला माल पुरवीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेवलें. त्यांत पैठणच्या पुढें दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें शहर असून तेथून जाडेंभरडें कापड, मलमल वगैरे माल गाड्यांतून भडोच बंदराला जातो, असें तो सांगतो. हें तगर कोणतें, याविषयीं पंडितांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरि म्हणे, कोणी जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूरचें नांव सुचविलें होतें. १९०१ सालीं जॉन फ्लीट यांनीं तगर म्हणजेच तेर असें दाखवून दिलें, आणि पुढील उत्खननांनीं त्यावर शिक्कामोर्तब केलें. ज्या लातूरचें नांव राष्ट्रकूटांनीं ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ या बिरुदांत अभिमानानें मिरविलें, त्या लातूरच्या उंबरठ्यावरच हें प्राचीन नगर आहे.

तेरच्या वस्तुसंग्रहालयांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति आहे. अंगावर भरगच्च अलंकार, उभी राहण्याची ऐट, आणि कातीव काम इतकें बारीक कीं दागिन्यांची घडण न्याहाळावी. या मूर्तीची सख्खी बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ति सांपडली ती इटलींत. इसवी सन ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं पाँपेई हें शहर गाडलें गेलें. १९३८ सालीं तेथील एका घरांत पुरातत्त्वज्ञ मायूरी यांना हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ति मिळाली. ती सुमारें पाव मीटर उंच आहे, आणि आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. तिच्या दोन्ही बाजूंस दोन लहान दासी प्रसाधनाचीं पात्रें घेऊन उभ्या आहेत, आणि तिच्या डोक्यावरून आंत भोंक पाडलेलें आहे. प्रथम विद्वानांनीं तिला लक्ष्मी म्हटलें. पुढें तिला यक्षी म्हणावें असा पक्ष निघाला. हें भोंक कशासाठीं, यावरहि मतें झालीं. कोणी तिला लहानशा मेजाचा पाय समजले. पण दासींच्या हातांतील प्रसाधनाचीं पात्रें पाहिलीं म्हणजे, भोंकांत आरशाचा दांडा बसत असावा आणि मूर्ति ही आरशाची मूठ असावी, हें मत अधिक पटतें. तेरची मूर्तिहि याच जातीची मानली जाते. जालना जिल्ह्यांतील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथें १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं उत्खनन केलें, त्यांतहि याच घाटाची एक खंडित हस्तिदंती मूर्ति निघाली. एकाच घराण्याच्या तीन मूर्ति, त्यांतील दोन मराठवाड्यांतल्या. तेव्हां पाँपेईच्या बाईसाहेबांचें माहेर याच प्रदेशांत असावें, असें अनेक अभ्यासकांना वाटतें.

ही कल्पना व्यापाराच्या हिशेबालाहि जुळते. भडोचहून बाहेर जाणाऱ्या मालांत हस्तिदंताचा उल्लेख त्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें केला आहे. आणि बाहेरून भडोचला येणाऱ्या मालांत तांबें, कथील, शिसें आणि डोळ्यांत घालावयाचा सुरमा यांचीं नांवें आहेत. आरशाच्या कांशाला कथील भरपूर लागतें, आणि दख्खनच्या काळ्या दगडांत कथिलाची खाण नाहीं. म्हणजे मुठीचा माल घरचा, तबकडीचा माल बंदरावरचा. आणि दोन्ही जोडणारा कारागीर तगर-भोगवर्धनसारख्या पेठेंतला, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीं शिल्पकाम केल्याचा लेख आहे, आणि सांची व भारहुत येथील दात्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. हस्तिदंत कोरणारे हात आणि दगड कोरणारे हात त्या काळीं एकच होते.

येथें सहज एक प्रश्न उभा राहतो. मुठी मिळाल्या, मग आरसे कोठें गेले? चीनमधील आरसे हजारोंनीं शिल्लक आहेत आणि आपल्याकडे इतके थोडे कां? याचें कारण आरशांत नाहीं, अंत्यविधींत आहे. चिनी माणसानें आपला आरसा मेलेल्याबरोबर पुरला, आणि जमिनीनें तो दोन हजार वर्षें संभाळला. आपल्याकडे देहाला अग्नि दिला जाई, आणि गेलेल्या माणसाचीं भांडीं-कुंडीं घरांतच राहत. धातूची वस्तु चेपली, तडकली कीं ती मोडींत निघे. कासार तिचें वजन करी, भट्टींत टाकी, आणि तिचीच दुसरी वस्तु होई. आजीचा आरसा नातीची वाटी झाला, आणि नातीची वाटी तिच्या नातवाची घंटा. ज्या हडप्पा संस्कृतींत प्रेतें पुरीत, तिच्या दफनांतून मात्र तांब्याचे आरसे हातीं लागतात, यावरून ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. हस्तिदंताला मोडीची किंमत नाहीं. तो भट्टींत जात नाहीं. म्हणून मूठ राहिली आणि आरसा गेला.

आरसा गेल्यामुळें मुठीचा अर्थहि हरवला. तबकडी डोक्यावर असतांना त्या मूर्तीकडे पाहणारीला काय दिसत असेल, याची कल्पना करून पाहावी. खालीं अलंकारांनीं नटलेली, दासींनीं वेढलेली सौभाग्यवती; आणि तिच्या मस्तकावर, प्रभावळीसारख्या वाटोळ्या तेजांत, पाहणारीचें स्वतःचें मुख. हातांत धरलेली ती मूर्ति लक्ष्मी असो वा यक्षी असो, समृद्धीची आणि सौभाग्याची ती खूण होती यांत शंका नाहीं. ती खूण मुठींत धरून रोज सकाळीं आपलें मुख पाहावयाचें. चिनी स्त्रीला तिचा आरसा सांगे कीं, तूं विश्वाच्या मध्यावर आहेस; तगरच्या स्त्रीला तिचा आरसा सांगे कीं, तुझ्या हातीं श्री आहे. एकानें नकाशा दिला, दुसऱ्यानें सोबत दिली.

ही समजूत पुढें आपल्या धर्माचारांत मुरली. जैनांच्या अष्टमंगलांत दर्पण आहे, आणि श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांच्या याद्यांत तें येतें. देवाच्या राजोपचारांत छत्र-चामरांबरोबर दर्पण येतें. पूजा झाल्यावर देवाला आरसा दाखवितात. मातीच्या अथवा रंगविलेल्या मूर्तीला स्नान घालतां येत नाहीं, तेव्हां तिचें प्रतिबिंब आरशांत घेऊन त्याच्यावर जल घालण्याची रीत आहे. प्रतिबिंब म्हणजे खोटें रूप असें मानणाऱ्या समाजांत ही रीत कधींच निघाली नसती.

याच्या उलट बाजूचा विचारहि आपल्याकडेच झाला. बौद्ध विनयांत भिक्षूनें आजारपणावांचून आरशांत किंवा पाण्याच्या पात्रांत तोंड पाहूं नये असा नियम आहे. आणि तरीहि त्याच बौद्धांनीं धर्माला आरशाची उपमा दिली, आणि त्यांच्याच लेण्यांत आरशाचें सर्वांत सुंदर चित्र रंगविलें गेलें. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळांत, पांचव्या शतकाच्या अखेरीस, प्रसाधन करणाऱ्या एका राजस्त्रीचें चित्र काढलें आहे. दासी जवळ उभ्या आहेत, आणि ती हातांतल्या वाटोळ्या आरशांत पाहते आहे. निजामी राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख गुलाम याजदानी यांनीं अजिंठ्याच्या चित्रांचे मोठे ग्रंथ १९३० पासून प्रसिद्ध केले, आणि हें चित्र जगभर पोंचलें. ज्या भिक्षूंना आरसा वर्ज्य होता त्यांच्या निवासाच्या भिंतीवर ही स्त्री दीड हजार वर्षें आरसा पाहत उभी आहे.

त्यानंतर सहाशें वर्षांनीं तीच स्त्री दगडांत अवतरली. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळांत मराठवाड्यांत जीं देवळें उभीं राहिलीं, त्यांत देगलूरजवळच्या होट्टल येथील सिद्धेश्वर आणि लातूर जिल्ह्यांतील निलंग्याचा नीलकंठेश्वर हीं दोन नांवें अग्रभागीं येतात. या घराण्यांतील देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर काळ्या दगडांत सुरसुंदरी कोरल्या आहेत. कोणी पायांतला कांटा काढते, कोणी पत्र लिहिते, कोणी वानराला दटावते, कोणी मृदंग वाजविते. आणि हातांत आरसा धरून आपलें रूप पाहणारी दर्पणसुंदरी हा या मालिकेंतला एक नेहमींचा प्रकार. ओरिसांतील ‘शिल्पप्रकाश’ या ग्रंथांत मंदिरावर कोरावयाच्या कन्यांचे सोळा प्रकार दिले आहेत, त्यांत ‘दर्पणा’ हें नांव स्वतंत्र आहे. कर्नाटकांत बेलूरच्या १११७ सालच्या चेन्नकेशव मंदिरांतली दर्पणसुंदरी तर देशभर प्रसिद्ध आहे.

देवळाच्या भिंतीवर आरसा पाहणारी स्त्री कां, हा प्रश्न पुष्कळ भाविक विचारतात. कोणी तिला निव्वळ शोभा म्हणतात. पण प्रदक्षिणा घालणारा मनुष्य या स्त्रीसमोरून जातो तो गाभाऱ्यांत शिरण्यापूर्वीं, हें विसरतां कामा नये. मुख पाहणें संपवून आंत जावें, किंवा आंत जाण्याआधीं आपलें मुख एकवार पाहून घ्यावें, असा दोन्ही प्रकारें तिचा अर्थ लावतां येतो. तगरच्या मुठींत जी सौभाग्याची खूण होती ती येथें विवेकाची खूण झाली, असें म्हटलें तरी चालेल. मूठ, आरसा आणि पाहणारी या तिन्ही गोष्टी आतां एकाच दगडांत आल्या. आणि दगड कासाराच्या भट्टींत जात नाहीं, म्हणून हा आरसा टिकला.

पण टिकला तो तरी कोठवर टिकेल? मराठवाड्यांतील जुन्या गांवांच्या शेजारीं पांढरीच्या टेकाडांखालीं जुनीं नगरें निजलेलीं आहेत. ती माती माळवदावर घालण्यासाठीं, शेतांत टाकण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या खणली गेली. तींत मणी, नाणीं, मातीचीं चित्रें वर येत आणि मुलांच्या खेळांत हरवून जात. तेरच्या बाबतींत हें होऊं दिलें नाहीं तें रामलिंगप्पा लामतुरे या गांवच्याच एका गृहस्थांनीं. त्यांनीं शेतांतून, नदीच्या दरडींतून, टेकाडांच्या मातींतून निघालेल्या वस्तू वर्षानुवर्षें जमविल्या. त्यांतूनच तेरचें शासकीय संग्रहालय उभें राहिलें, आणि आज त्यांचेंच नांव त्याला आहे. ते कोणत्याहि विद्यापीठाचे पंडित नव्हते. पण ज्या वस्तूला बाजारांत मोल नाहीं तिला इतिहासांत मोल असतें, हें त्यांनीं ओळखलें. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीची सांपडलेली वस्तु सरकारला कळविणें बंधनकारक केलें. परंतु फुटक्या खापराची आणि हस्तिदंताच्या तुकड्याची किंमत दहा रुपये आहे हें सांपडणाराला कळावें कसें? तें कळण्यास कायदा पुरत नाहीं, शिक्षण लागतें. एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला उद्यां हिरवी पडलेली वाटोळी तबकडी लागली, तर ती मोडीच्या भावानें जाईल कीं तेरच्या मुठीजवळ येऊन बसेल, हें त्या घरांतल्या शाळेंत जाणाऱ्या मुलानें काय ऐकलें आहे यावर ठरावयाचें आहे.

चीनमधील सिमा ग्वांग या पंडितानें १०८४ सालीं आपल्या देशाचा मोठा इतिहास लिहून पुरा केला, तेव्हां त्याच्या नांवांत ‘आरसा’ हा शब्द घातला गेला; राज्यकर्त्यांनीं मागचें पाहून पुढचें राज्य चालवावें, हा त्यांतला हेतु. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मराठींतलें पहिलें वृत्तपत्र काढलें, त्याचें नांव ‘दर्पण’. प्रिन्सेप कलकत्त्यास बसून त्या अद्भुत आरशांवर टिपण लिहीत होता तें हेंच वर्ष. दोन आरसे, दोन शहरें. एकानें धातूंत लपलेली नक्षी भिंतीवर दाखविली, दुसऱ्यानें समाजाला त्याचें मुख दाखविण्याचा उद्योग आरंभिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती खरीहि आहे. जें हातांत आहे तें पाहण्यास आरसा लागत नाहीं; जें हातून निसटून चाललें आहे तें पाहण्यास मात्र लागतो. तगरच्या त्या मुठीवरचा आरसा केव्हांच वितळून गेला. ती रिकामी मूठ तेवढी मराठवाड्याच्या हातीं उरली आहे.